संकेतस्थळाची थीम आणि अधिकाराची तपासणी

संकेतस्थळाच्या ‘थीम’ला सामान्यतः त्याची वेशभूषा समजले जाते. शाळेच्या नावाचा फलक कोठे लागावा, सूचना कोणत्या रंगात दिसाव्यात, स्नेहसंमेलनाची छायाचित्रे ओळीने मांडावीत की एकामागून एक सरकावीत, एवढेच थीमचे काम, असा समज शिक्षकवर्गात रूढ आहे. आणि पूर्वी तो बव्हंशी खराही होता. तथापि अलीकडच्या अनेक थीम रंगरंगोटी करून थांबत नाहीत. त्या नमुन्याचा मजकूर आणून भरतात, प्लगइन बसवितात, सेटिंग बदलतात, बाहेरच्या फायली आत घेतात. शाळेची भिंत रंगविण्यास बोलाविलेल्या माणसाच्याच हाती दप्तराच्या कपाटाची किल्ली यावी, तसा हा प्रकार आहे. किल्ली हाती असूनही तो माणूस सावध असेल तर बिघडत नाही. परंतु जो कोणी मागेल त्याच्यापुढे तो कपाट उघडू लागला, तर दप्तराची शाश्वती उरत नाही. संगणकाच्या व्यवहारात या उणिवेला अधिकार-तपासणीचा अभाव म्हणतात. संकेतस्थळांच्या सुरक्षिततेचा अभ्यास करणाऱ्या ‘ओवास्प’ या संस्थेने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या दहा प्रमुख धोक्यांच्या यादीत अधिकार-नियंत्रणातील दोषांना पहिले स्थान दिले. त्यापूर्वीच्या, २०१७ च्या यादीत ते पाचवे होते.

प्रस्तुत विवेचन ‘वर्डप्रेस’ या प्रणालीच्या आधाराने केले आहे. २००३ साली सुरू झालेली ही मुक्त प्रणाली आज जगातील ४० टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे चालविते, आणि महाराष्ट्रातील तंत्रस्नेही शिक्षकांनी स्वतःच्या हिकमतीवर उभारलेल्या शालेय संकेतस्थळांतही तिचा वापर आढळतो. अशा संकेतस्थळावर मुलांची नावे व छायाचित्रे असतात, क्वचित प्रवेशअर्ज व पालकांचे दूरध्वनी क्रमांकही असतात. २०२३ साली संमत झालेल्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियमात १८ वर्षे पूर्ण न झालेली प्रत्येक व्यक्ती बालक मानली असून तिची माहिती हाताळण्यास पालकांची पडताळता येण्याजोगी संमती आवश्यक ठरविली आहे. पहिलीतील मुलीच्या आईने छायाचित्रास दिलेली संमती शाळेला दिलेली असते. वाटेवरच्या परक्या इसमाला ती दिलेली नसते. शिवाय शाळेच्या नावाने निघालेली सूचना गाव खरी मानते. शिष्यवृत्तीसाठी अमुक खात्यात पैसे भरा, असे शाळेच्या पानावर भलत्याच कोणी लिहिले, तर पैसे भरणारा पालक ते कोणी लिहिले याची चौकशी करीत बसणार नाही.

ओळख आणि अधिकार

या विषयात दोन कल्पना नित्य एकमेकींत मिसळतात. त्या प्रथम वेगळ्या केल्या पाहिजेत. एखादा मनुष्य कोण आहे हे ठरविणे ही ओळख. त्या मनुष्यास अमुक एक काम करण्याची मुभा आहे की नाही, हे ठरविणे हा अधिकाराचा प्रश्न. इयत्ता चौथीचा विद्यार्थी शाळेत सर्वांच्या ओळखीचा असतो. तो गणवेशात येतो, हजेरीपटावर त्याचे नाव असते, आवारात त्याला कोणी अडवीत नाही. म्हणून त्याने जनरल रजिस्टरात स्वतःची जन्मतारीख बदलली तर चालेल काय? ‘आपल्याच शाळेचा मुलगा आहे’ एवढे पाहून कोणी ते रजिस्टर त्याच्यापुढे ठेवले, तर ओळख पटली, पण अधिकार पाहिलाच गेला नाही. संकेतस्थळावर नाव व परवलीचा शब्द देऊन लॉगिन करणे ही केवळ ओळख होय.

वर्डप्रेसमध्ये अधिकारांची व्यवस्था मुळात चांगली योजलेली आहे. साध्या संकेतस्थळावर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, एडिटर, ऑथर, कॉन्ट्रिब्यूटर आणि सब्स्क्रायबर अशा पाच भूमिका असतात व प्रत्येक भूमिकेस कामांची एक यादी जोडलेली असते. सब्स्क्रायबरास स्वतःची माहिती बदलण्यापलीकडे फारसे काही करता येत नाही. कॉन्ट्रिब्यूटर लेख लिहितो, पण तो प्रसिद्ध करू शकत नाही. ऑथर स्वतःचा लेख प्रसिद्ध करतो, एडिटर इतरांचेही लेख हाताळतो. थीम बदलणे, प्लगइन बसविणे, सेटिंग फिरविणे ही कामे अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची.

ही यादी मात्र आपण होऊन पहारा करीत नाही. वर्डप्रेसच्या स्वतःच्या पानांवर ती पाहिली जाते, कारण ती पाने लिहिणाऱ्यांनी तसा प्रश्न तेथे लिहून ठेवला आहे. चालू थीमची ‘फंक्शन्स’ नावाची फाइल संकेतस्थळाच्या पूर्ण सामर्थ्यानिशी चालते. तिच्यातील आज्ञेला डेटाबेस खुला असतो व फायलींचे कप्पेही खुले असतात. आज्ञा देणारा कोण व त्यास ती देण्याचा अधिकार आहे काय, हे थीम लिहिणाऱ्याने विचारले नाही तर दुसरे कोणी विचारीत नाही.

थीमपर्यंत बाहेरची आज्ञा पोहोचते ती बहुधा ‘अ‍ॅडमिन-एजॅक्स’ या फाइलमधून. पान न बदलता छोटी कामे उरकावीत म्हणून ठेवलेली ही कार्यालयाची खिडकीच म्हणावी. थीम लिहिणारा या खिडकीशी आपल्या कामाचे नाव नोंदवितो. ‘डब्ल्यूपी एजॅक्स’ या उपसर्गाने नोंदविलेले काम लॉगिन केलेल्या कोणासही मागता येते. त्यास ‘नोप्रिव्ह’ हा शब्द जोडून नोंदविलेले काम लॉगिन न केलेल्या पांथस्थासही मागता येते. पहिल्या प्रकारातील ‘कोणासही’ या शब्दाकडे दुर्लक्ष होते. त्यात सब्स्क्रायबरही आला; आणि ज्या संकेतस्थळावर वाटेल त्याला सदस्य होता येते, तेथे दोन्ही प्रकारांत फारसे अंतर राहत नाही.

खोटे पहारेकरी

थीम लिहिणारे सगळेच निष्काळजी असतात असे मुळीच नाही. पुष्कळदा त्यांनी पहारा ठेवलेला असतो. तो भलत्याच दारावर असतो.

पहिला खोटा पहारा म्हणजे लपविलेले बटण. ‘नमुना-मजकूर भरा’ हे बटण फक्त अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या पानावर दिसते, तेव्हा ते काम दुसरा कोणी करणार नाही, असे गृहीत धरले जाते. परंतु बटण म्हणजे खिडकीकडे विनंती पाठविण्याचे एक साधन. विनंती हातानेही लिहून पाठविता येते, आणि थीमची प्रत विकत घेणाऱ्या प्रत्येकास त्या कामाचे नाव वाचता येते.

दुसरा पहारा शब्दाच्या फसव्या अर्थातून उत्पन्न होतो. वर्डप्रेसमध्ये ‘इज अ‍ॅडमिन’ नावाचा एक प्रश्न आहे. नावावरून तो ‘विनंती करणारा प्रशासक आहे काय’ असे विचारतो असे वाटते. वास्तविक तो ‘मागितलेले पान प्रशासन-विभागातील आहे काय’ एवढेच विचारतो. अ‍ॅडमिन-एजॅक्सची खिडकी त्याच विभागात असल्याने तेथे आलेल्या कोणाही अनोळखी माणसाबद्दल याचे उत्तर होकारार्थीच येते. ‘अ‍ॅडमिन-इनिट’ या टप्प्याचीही गत तीच. हा टप्पा प्रशासकासाठीच येतो अशा समजुतीने त्याला कामे जोडली जातात; परंतु खिडकीशी आलेल्या विनंतीच्या वेळीही तो येऊन जातो, मग तेथे कोणी लॉगिन केलेले असो वा नसो. नावे ठेवताना थोडा अधिक विचार झाला असता तर पुढील अनेक अनर्थ टळले असते, असे म्हणण्यास जागा आहे.

तिसरा पहारा ‘नॉन्स’चा. हा अर्धा खरा असल्यामुळे अधिक फसवितो. नॉन्स म्हणजे पान तयार होताना त्यावर छापली जाणारी, फार तर २४ तास चालणारी गुप्त चिठ्ठी. तिचा हेतू निराळा आहे. मुख्याध्यापक लॉगिन करून बसले असताना दुसऱ्याच कुठल्या पानावरील फसव्या दुव्यावर त्यांनी बोट ठेवले, तर त्यांच्या नकळत त्यांच्याच नावाने आज्ञा सुटू शकते. आज्ञेसोबत चिठ्ठी मागितली की हा डाव फसतो, कारण परक्या पानाजवळ चिठ्ठी नसते. म्हणजे आज्ञा योग्य पानावरून निघाली एवढे चिठ्ठी सांगते. चिठ्ठी आणणाऱ्याचा हुद्दा ती सांगत नाही. वर्गातील मुलाने गुरुजींची चिठ्ठी कार्यालयात नेली तर त्यास खडू मिळावेत हे रास्त आहे; परंतु तशा कोऱ्या चिठ्ठ्या फाटकाशी वाटून ठेवल्या आणि कार्यालयाने केवळ चिठ्ठी पाहून तिजोरी उघडली, तर दोष कोणाचा? कित्येक थीम आपली चिठ्ठी प्रत्येक वाचकाच्या पानात छापून मोकळ्या होतात. अधिकार ठरविण्यासाठी नॉन्सवर कधीही विसंबू नये, असे वर्डप्रेसच्या मार्गदर्शिकेतही म्हटले आहे.

दोन घटना

फेब्रुवारी २०२० मध्ये ‘थीमग्रिल डेमो इंपोर्टर’ या प्लगइनातील दोष उघडकीस आला. थीमग्रिलच्या थीमना नमुना-मजकूर पुरविणारे हे जोड-साधन त्या वेळी सुमारे २ लाख संकेतस्थळांवर बसविलेले होते. त्यात संकेतस्थळ कोरे करून पुन्हा आरंभ करण्याचे एक काम होते व ते वर सांगितलेल्या अ‍ॅडमिन-इनिट या टप्प्याला जोडलेले होते. थीमग्रिलची थीम चालू असलेल्या संकेतस्थळावर, लॉगिन न करता, बाहेरून एक विनंती आली की सारा डेटाबेस पुसला जाई. ‘अ‍ॅडमिन’ या नावाचा वापरकर्ता तेथे असल्यास विनंती करणारा त्याच्या नावाने लॉगिनही होऊन बसे. १.३.४ पासून १.६.१ पर्यंतच्या आवृत्त्यांत हा दोष होता, १.६.२ या आवृत्तीत दुरुस्ती आली. पाच-सहा वर्षे जमविलेले शाळेचे पान अशा रीतीने गेले आणि त्याची प्रत कोठे ठेवलेली नसली, तर ते पुन्हा उभे करण्यास कोणताही उपाय नाही.

दुसरी घटना २०२५ मधील, आणि ती थेट थीममधीलच. सेवाभावी संस्थांसाठी तयार केलेल्या ‘अलोन’ या विकत मिळणाऱ्या थीमच्या ९ हजारांहून अधिक प्रती खपल्या होत्या. तिच्यात प्लगइन बसविण्याचे एक काम नोप्रिव्ह प्रकारे नोंदविलेले होते व ते सुरू करण्यापूर्वी अधिकाराचा प्रश्न विचारलेला नव्हता. प्लगइन कोठून आणावे, तो पत्ताही विनंती करणारानेच द्यावयाचा. साहजिकच परका इसम आपल्या सर्व्हरवरील दूषित प्लगइनाचा पत्ता देई आणि संकेतस्थळ ते निमूटपणे बसवून घेई. दुरुस्त आवृत्ती ७.८.५ ही १६ जून २०२५ रोजी निघाली. दोषाची जाहीर वाच्यता १४ जुलै रोजी झाली. हल्ले मात्र १२ जुलैपासूनच सुरू झाले होते. वर्डफेन्स या सुरक्षा-संस्थेने असे १ लाख २० हजारांहून अधिक प्रयत्न अडविल्याची नोंद केली आहे. तारखांचा हा क्रम शिक्षकांनी ध्यानात घ्यावा. दुरुस्ती व हल्ला यांच्यामध्ये जवळजवळ चार आठवडे होते. त्या अवधीत ज्यांनी नवी आवृत्ती घेतली त्यांच्या संकेतस्थळावर ही वाट आधीच बंद झालेली होती.

दुरुस्तीची रीत

ज्यास संहिता लिहिता येते त्याच्यासाठी मूळ दुरुस्ती दोन-तीन ओळींची आहे. ‘करंट यूजर कॅन’ हा प्रश्न काम सुरू होण्यापूर्वी, पहिल्याच ओळीत विचारावा आणि उत्तर नकारार्थी येताच ४०३ हा नकाराचा क्रमांक देऊन तेथेच थांबावे. थांबणे महत्त्वाचे. काही ठिकाणी नकार आल्यावर वाचकास दुसऱ्या पानाकडे वळविण्याची आज्ञा दिलेली असते, पण त्यापुढे थांबण्याची आज्ञा विसरलेली असते. मग वाचक दुसरे पान पाहतो आणि मागे काम पुरे होऊन जाते.

प्रश्न विचारताना भूमिकेचे नाव न घेता नेमक्या कामाचे नाव घ्यावे. प्लगइन बसवावयाचे असेल तर ‘इन्स्टॉल प्लगइन्स’, थीमचे रूप बदलावयाचे असेल तर ‘एडिट थीम ऑप्शन्स’, संकेतस्थळाची सेटिंग बदलावयाची असेल तर ‘मॅनेज ऑप्शन्स’. एका विशिष्ट लेखात फेरफार व्हावयाचा असेल तर ‘एडिट पोस्ट’ हा एकवचनी अधिकार त्या लेखाच्या क्रमांकासह विचारावा. ‘एडिट पोस्ट्स’ हा अनेकवचनी अधिकार कॉन्ट्रिब्यूटरासही असतो. तो विचारून थांबल्यास मदतीसाठी घेतलेल्या माजी विद्यार्थ्यास मुख्याध्यापकांची सूचना बदलता येईल. एका अक्षराने एवढा फरक पडतो.

अधिकार तपासल्यावरही कोणती सेटिंग बदलावयाची, तिचे नाव विनंतीतून घेऊ नये. ठरीव यादीतूनच घ्यावे. याचे कारण असे की ‘कोणासही सदस्य होता येईल’ आणि ‘नव्या सदस्याची भूमिका’ या दोन सेटिंग वर्डप्रेसमध्ये इतर सेटिंगांच्याच रांगेत ठेवलेल्या असतात. पहिली चालू केली आणि दुसरीत अ‍ॅडमिनिस्ट्रेटर लिहिले, की परक्यास राजरोस दारातून प्रशासक म्हणून आत येता येते. चोरी झाल्याची खूणही मग पटकन सापडत नाही.

‘रेस्ट’ या नव्या मार्गाने येणाऱ्या विनंत्यांसाठी प्रत्येक नोंदीत परवानगीचा प्रश्न लिहिण्याची स्वतंत्र जागा दिलेली आहे. ऑगस्ट २०२० मध्ये निघालेल्या ५.५ या आवृत्तीपासून ती जागा रिकामी सोडल्यास वर्डप्रेस सूचना देते. ती सूचना टाळण्यासाठी काहीजण तेथे ‘सर्वांना होकार’ अशा अर्थाचे तयार उत्तर भरून ठेवतात. वाचण्यापुरत्या उघड माहितीसाठी ते योग्यच आहे. लिहिण्याच्या वा पुसण्याच्या कामासाठी ते जागा रिकामी सोडण्याइतकेच घातक.

नॉन्स मात्र काढून टाकू नये. दोन्ही प्रश्न विचारावेत, कारण दोन्हींचे काम निरनिराळे आहे.

विकत घेतलेल्या थीममध्ये स्वहस्ते दुरुस्ती केल्यास पुढील आवृत्ती येताच ती पुसली जाते. तेव्हा तातडीची गरज असेल तर ‘चाइल्ड थीम’ करून तिच्यातून त्या घातक कामाची नोंद रद्द करावी. येथे एक बारकावा आहे. चाइल्ड थीमची फंक्शन्स फाइल मूळ थीमच्या आधी वाचली जाते. म्हणून नोंद रद्द करण्याची आज्ञा मूळ थीमने नोंद केल्यानंतरच्या टप्प्यास जोडावी, अन्यथा अद्याप न झालेली नोंद रद्द केल्यासारखे होईल.

ज्या शिक्षकांस संहिता लिहिता येत नाही, पण वाचण्याची हौस आहे, त्यांनीही एक पाहणी अवश्य करावी. थीमची प्रत शाळेच्या संगणकावर उतरवून तिच्या फायलींत ‘डब्ल्यूपी एजॅक्स’ हे शब्द शोधावेत, आणि जेथे जेथे ते सापडतील तेथील कामात ‘करंट यूजर कॅन’ आहे किंवा नाही ते पाहावे. प्रत्येक ठिकाणी तो प्रश्न असलाच पाहिजे असे नाही. सूचनांची पुढील दहा नावे दाखविणाऱ्या कामास त्याची गरज नसते. परंतु काही बदलणाऱ्या, पुसणाऱ्या वा बसविणाऱ्या कामात तो आढळला नाही, तर थीमच्या कर्त्याकडे खाजगीरीत्या विचारणा करावी. दुसऱ्या शाळेच्या चालू संकेतस्थळावर असे प्रयोग करून पाहणे हा कायद्याने गुन्हा ठरतो, हे उत्साही शिक्षकांनी विसरू नये.

शाळेने करावयाची कामे

थीम निवडताना ती काय काय करते याची यादी जितकी लांब, तितकी ती चांगली, अशी समजूत दिसते. शालेय संकेतस्थळास साधी थीम पुरते. वर्डप्रेसच्या अधिकृत मोफत संग्रहात थीमने प्लगइनाची कामे करू नयेत असा नियम आहे, आणि तेवढ्यापुरता तो संग्रह बरा. विकतच्या थीमची चोरटी प्रत कोणी फुकट देऊ केली, तरी ती घेऊ नये. तिच्यात काय भरले आहे हे कळण्यास मार्ग नसतो आणि तिला दुरुस्तीही मिळत नाही.

संग्रहातील थीम आपोआप अद्ययावत होण्याची सोय ५.५ या आवृत्तीपासून आहे. ती चालू करावी. बाहेरून विकत घेतलेल्या थीमना ही सोय पुष्कळदा लागू होत नाही, परवान्याची मुदत संपल्यास तर नाहीच. म्हणून त्यांची आवृत्ती महिन्यातून एकदा पाहण्याचे काम एका शिक्षकाकडे नावानिशी सोपवावे. नमुना-मजकूर भरणारे प्लगइन काम झाल्यावर काढून टाकावे, नुसते बंद ठेवू नये. न वापरलेल्या थीमही काढाव्यात, कारण चालू नसलेल्या थीमच्या फायली सर्व्हरवर जागच्या जागी राहतात. अडचणीच्या वेळी कामी यावी म्हणून वर्डप्रेसची एखादी मूळ थीम तेवढी ठेवावी. बाहेरच्यांना सदस्य करून घेण्याची गरज नसल्यास ती सेटिंग बंद असावी. बदलून गेलेल्या शिक्षकांची खाती तशीच राहिलेली असतात. त्यांपैकी कोणाचे अ‍ॅडमिनिस्ट्रेटरपद अजून कायम आहे काय, तेही पाहावे. संकेतस्थळाची प्रत त्याच सर्व्हरवर ठेवणे म्हणजे कुलपाची दुसरी किल्ली त्याच कुलपाला अडकविणे होय. ती शाळेत स्वतंत्र साधनावर असावी.

अनोळखी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर दिसला, किंवा कोणी न बसविलेले प्लगइन आढळले, तर संकेतस्थळात शिरकाव झाला असे समजून चालावे. अलोन थीमवरील हल्ल्यांत दूषित फायलींना परिचित प्लगइनांसारखी नावे दिलेली होती, तेव्हा नाव ओळखीचे वाटले एवढ्यावर समाधान मानू नये. केवळ परवलीचा शब्द बदलून भागत नाही, कारण आत शिरलेला आपल्यासाठी निराळे दार करून ठेवतो. संकेतस्थळ तात्पुरते बंद करावे, शिक्षण विभागास कळवावे. भारत सरकारच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत तिला कळविणे शासकीय संस्थांवरही बंधनकारक आहे. मुलांची वा पालकांची माहिती बाहेर गेली असल्यास पालकांना ते स्पष्टपणे सांगावे. त्यानंतर निर्दोष प्रतीवरून संकेतस्थळ पुन्हा उभे करावे, थीम दुरुस्त आवृत्तीची घ्यावी आणि वर्डप्रेसच्या मुख्य सेटिंग-फाइलमधील गुप्त किल्ल्या बदलाव्यात, म्हणजे आधीची सर्व लॉगिन एकदम रद्द होतात. हे सारे करण्यापूर्वी सर्व्हरच्या नोंदींची प्रत काढून ठेवावी. खिडकीशी कोणत्या दिवशी, किती वाजता अनोळखी विनंत्या आल्या ते तीत सापडते, आणि कोणत्या तारखेची प्रत निर्दोष समजावी हे ठरविण्यास त्याचा आधार मिळतो.